बेढब म्हणे!

रोमनेस्क शिल्पांना, म्हणजे अकराव्या-बाराव्या शतकातल्या युरोपातल्या चर्चशिल्पांना, ‘बेढब’, ‘बाळबोध’ म्हणणाऱ्यांशी माझं कधीच पटत नाही. या लोकांना धरून फ्रान्समध्ये बर्गंडीतल्या ओतँला न्यावं आणि सेंट लाझार कॅथेड्रलच्या पश्चिम दारासमोर उभं करावं.

दारावरच्या कमानीत कयामतीचा दिवस कोरलाय, साधारण 1130च्या सुमाराचा. मधोमध येशू, इतरांच्या कितीतरी पट मोठा. सगळ्यांचीच अंगं लांबुडकी, पाय काटकुळे. हे काय प्रमाण चुकलंय? ज्याला कपड्याची चुणी न् चुणी कोरता येते, त्याला पायाचं माप कळत नसेल होय! एका पाप्याचं मुंडकं दोन अजस्र हातांनी वरून पकडलंय. हात कोणाचे, दिसतच नाही. नुसते हात. अंगावर काटा येतो.

येशूच्या पायाखाली लॅटिनमध्ये लिहिलंय, ‘गिस्लेबेर्तुसने हे केलं.’ हा शिल्पकार की पैसे देणारा, यावर अभ्यासकांची जुंपलेली आहे. मी शिल्पकाराच्या बाजूने, कारण मला तसं आवडतं.

1766 साली तिथल्याच धर्मगुरूंना हे सगळं गावंढळ वाटलं आणि त्यांनी त्यावर गिलावा थापला. येशूचं डोकं पुढे येत होतं, तर ते चक्क उडवलं! पण त्या गिलाव्यामुळेच फ्रेंच राज्यक्रांतीतल्या मोडतोडीतून कमान वाचली. 1837मध्ये गिलावा काढला, डोकं मात्र 1948मध्ये परत बसलं.

तरी माझा जीव अडकला तो एका स्तंभशीर्षात, म्हणजे खांबाच्या माथ्यावरच्या कोरीव दगडात. मूळ स्तंभशीर्षांपैकी बरीच आता खाली उतरवून वेगळ्या दालनात ठेवलीत, त्यामुळे मान मोडत नाही. बाळ येशूच्या दर्शनाला ताऱ्यामागून आलेले तीन राजे एकाच पांघरुणात झोपलेत, मुकुट घालून! पांघरुणाच्या गोल गोल चुण्या अगदी रेखीव. देवदूत एका हाताने तारा दाखवतोय आणि दुसऱ्या हाताच्या एकाच बोटाने वरच्या राजाच्या हाताला हळूच स्पर्श करतोय. त्या एकाचेच डोळे उघडलेत. बाकीचे दोघे ढाराढूर. ‘हेरोदकडे परत जाऊ नका’ हा निरोप (हा हेरोद राजा बाळ येशूच्या जिवावर उठलेला), जिवावरचा प्रसंग, आणि हा शिल्पकार पठ्ठ्या तो एका बोटावर निभावून नेतो. नाट्य नाही, आक्रस्ताळेपणा नाही.

मध्ययुग म्हणजे नुसतं नरकाचं भय, हे पालुपद गाइडांनी या दगडासमोर तरी बंद करावं.

आणि हो, उत्तर दारावरची ईव्ह तिथल्याच रोलँ संग्रहालयात आहे. आडवी पसरलेली, एक हात गालाशी नेऊन कुजबुजतेय, दुसरा हात मागे सफरचंदावर, तिकडे न बघताच. 1856मध्ये ती सापडली ती एका घराच्या भिंतीत, बांधकामाचा दगड म्हणून वापरलेली!