रकाना क्रमांक ११ : छंद

बायोडेटातला सगळ्यात अवघड रकाना कुठला, असं मला कुणी विचारलं असतं तर आधी मी 'टक्केवारी' म्हणालो असतो. पण टक्केवारी युनिव्हर्सिटी लिहून देते. आपण ती उतरवून काढायची आणि मान खाली घालायची. 'छंद' मात्र स्वतःच्या डोक्यातून काढावे लागतात.

मी लातूरचा. आमच्याकडे 'लातूर पॅटर्न' चालतो, म्हणजे पहाटे शिकवणी, मग कॉलेज, दुपारी शिकवणी आणि रात्री प्रश्नसंच. छंद म्हणून मी एकदा पतंग आणला होता. पप्पांनी तो 'सीईटी झाल्यावर उडव' म्हणून कपाटावर ठेवला. अजून तिथेच आहे.

पुण्यात इंजिनिअरिंगला आल्यावर तरी छंद लागतील असं वाटलं होतं. धनकवडीत कॉट बेसिसवर राहतो. एका खोलीत चार कॉट, चार कपाटं आणि एकच प्लग पॉइंट. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते. त्यामुळे रविवारचा दिवसभर आमचा मुख्य छंद म्हणजे 'रात्री काय खायचं' यावर आडवं पडून चर्चा करणं. आईचा फोन येतो, "काय करलालास बाळा?" मी म्हणतो, "अभ्यास." हे खोटं आहे हे तिलाही माहीत असतं, पण तेवढ्यावर तिचं समाधान होतं. बायोडेटा वाचणाऱ्याचं होत नाही.

"ट्रेकिंग, मूव्हीज, रीडिंग असं लिहून टाक," रूममेट म्हणाला. "सगळे तेच लिहितात. कुणी विचारत नाही."

विचारलं.

आमच्या कॉलेजात कॅम्पसच्या आधी मॉक इंटरव्ह्यू होतात. माजी विद्यार्थी येऊन आमचा अपमान आधीच करून ठेवतात, म्हणजे खऱ्या दिवशी सवय असते. माझ्या वाट्याला आलेले सर पन्नाशीचे, पोट सुटलेले, आवाज मऊ. त्यांनी ऑपरेटिंग सिस्टिमवर एक प्रश्न विचारला, माझं उत्तर ऐकून खिडकीबाहेर बघितलं, आणि थेट अकराव्या रकान्यावर बोट ठेवलं. "ट्रेकिंग का? वा! कुठे कुठे गेलात?"

"राजगड, सर."

यात खोटं काही नव्हतं. मी राजगडला गेलो होतो. फक्त कसा, ते सांगायला हवं.

पावसाळ्याच्या सुरुवातीला 'राजगड' नावाचा ग्रुप निघाला. ऑगस्टात 'राजगड नक्की', दिवाळीनंतर 'राजगड फायनल'. प्रत्येक ग्रुपात तेच चौदा जण, तेच अंगठे, आणि एक जण कायम 'मी ५० टक्के' असं लिहिणारा. शेवटी डिसेंबरात पहाटे पाचला धनकवडीच्या कोपऱ्यावर आम्ही चौघं होतो. उरलेल्या दहांपैकी तिघांना ताप, दोघांच्या घरी पाहुणे, आणि पाच जण 'सीन' करून गप्प.

दोन गाड्यांवर निघालो. बोगदा ओलांडला, खेड शिवापूरला चहा झाला, चेलाडी फाट्याला उजवीकडे वळल्यावर मिसळ झाली, मार्गासनीला पुन्हा चहा झाला. गुंजवण्यात पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते आणि पहाटे निघालेले शहाणे लोक गड उतरून हात-पाय धूत होते.

चढायला लागल्यावर पंधराव्या मिनिटाला लक्षात आलं, की एका मित्राची सॅक फारच जड आहे. उघडून बघितलं. आत एक्स्टेन्शन बोर्ड. चार सॉकेटचा, लांबलचक वायरीचा.

"हा कशाला आणलास?"

"वर चारही जणांचे फोन लागतील ना."

तो बोर्ड लावायचा कुठे, हा प्रश्न त्याला पडला नव्हता. एकाच प्लग पॉइंटवर तीन वर्षं काढलेल्या माणसाला पडणारही नाही. पुढे तो बोर्ड आम्ही पाळीपाळीने वाहिला.

चोर दरवाज्याची वाट शेवटी अंगावर येते. खडकात पावठ्या आहेत, धरायला रेलिंग आहे, आणि आपण ते सोडत नाही. चोर दरवाजा म्हणजे गुपचूप ये-जा करायची वाट. पण आमची धाप एवढी मोठ्याने चालली होती, की त्या काळी असतो तर शत्रूला तळावरच बातमी लागली असती. एक मावशी डोक्यावर ताकाचा कॅन घेऊन आम्हाला दोनदा ओलांडून गेल्या. एकदा वर जाताना, आणि एकदा ताक संपवून खाली येताना. दुसऱ्या वेळी थांबून म्हणाल्या, "अजून हितंच व्हय?" त्यांच्या आवाजात चेष्टा नव्हती, काळजी होती. तीच जास्त लागली.

दरवाज्यातून वाकून आत गेलं की समोर पद्मावती तलाव येतो. आम्ही तिथे फोटो काढले, पिठलं-भाकरी खाल्ली आणि पद्मावतीच्या देवळाच्या ओट्यावर जरा टेकलो. रायगडाच्या आधी शिवाजी महाराजांनी जिथून जवळपास पाव शतक राज्यकारभार चालवला, त्या गडावर मी पावणेदोन तास झोपलो. उठलो तेव्हा ऊन उतरलं होतं. मग आम्हीही उतरलो.

एवढं सगळं मी सरांना अर्थातच सांगितलं नाही. "फार सुंदर अनुभव होता," एवढंच म्हणालो.

सरांचे डोळे चमकले. त्यांनी स्वतःचा मोबाइल उलटा केला. वॉलपेपरवर राजगडचा बालेकिल्ला. आता मात्र माझ्या पोटात गोळा आला.

"माच्या कुठल्या केल्यात? सुवेळा? संजीवनी?"

"पद्मावती, सर. सविस्तर."

"आणि नेढं? नेढं पाहिलंत की नाही?"

माणूस घाबरला की त्याला जवळचं काहीतरी आठवतं. मला जेवण आठवलं. मी आत्मविश्वासाने म्हणालो, "होतं सर तिथे, पण आम्ही पिठलंच घेतलं."

खोलीत शांतता पसरली. शेजारच्या टेबलावर मुलाखत देणारी मुलगी उत्तर देता देता थांबली. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि पहिलीतल्या पोराला सांगावं तसं सांगितलं. सुवेळा माचीच्या वाटेवर कातळाला आरपार भोक पडलंय, त्याला नेढं म्हणतात. सुईचं असतं ना, तसं. माझी आई रोज चष्मा लावून ज्यात दोरा ओवते, ते. त्यात चढून बसलं की असा वारा लागतो म्हणे की उठावंसं वाटत नाही. उठावंसं न वाटणं एवढा भाग मला देवळाच्या ओट्यावरही साधला होता, पण ते मी बोललो नाही.

"बरं, मूव्हीज," सर म्हणाले. त्यांना दया आली असावी.

सिनेमाच्या बाबतीत आमची पद्धत अशी की एका कॉटवर पाच जण बसतात (पाचवा नेहमी शेजारच्या खोलीतला असतो), लॅपटॉप मांडीवर, आणि 'कुठला लावायचा' यावर दीड तास भांडण. मग लागतो तो आधी सगळ्यांनी तीनदा पाहिलेला. मल्टिप्लेक्सला फक्त सकाळचा स्वस्त शो, पोटभर पोहे खाऊन. कारण मध्यंतरात पॉपकॉर्नच्या रांगेत उभं राहायला शैक्षणिक कर्ज वेगळं काढावं लागेल.

पण सरांसमोर वजन पडावं म्हणून म्हणालो, "जानेवारीत फिल्म फेस्टिव्हललाही जातो, सर."

गेलो होतो, एकदा. एक म्हातारा बराच वेळ दारातून बाहेर बघत होता, मीही त्याच्याकडे बघत होतो, आणि एसी फार छान होता. टाळ्यांनी जाग आली. मीही वाजवल्या. माझ्या बाजूचे दाढीवाले गृहस्थ ओल्या डोळ्यांनी म्हणाले, "शेवटचा शॉट!" मी म्हणालो, "नाही तर काय."

"कुठल्या भाषेतला होता?" सरांनी विचारलं.

"इंग्रजी सबटायटल्स होती, सर."

सरांनी पेन खाली ठेवलं. 'प्रभात'ने १९३३ साली कोल्हापूरहून पुण्याला बस्तान हलवलं, त्याच आवारात आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे, लॉ कॉलेज रोडवर १९६४ मध्ये स्थापन झालेलं फिल्म आर्काइव्ह आहे. पुण्यात राहून तिथे कधी गेलात का?

"आर्काइव्हला गेलोय, सर. बाहेरून."

वाचनाचं त्यांनी विचारलंच नाही. बरं झालं. अप्पा बळवंत चौकात मी वर्षातून दोनदा जातो, दोन्ही वेळा परीक्षेच्या चार दिवस आधी.

निघताना सरांनी फॉर्मवर काहीतरी लिहिलं, मला म्हणाले, "पुन्हा राजगडला जाल तेव्हा कळवा. मी येईन. नेढ्यात बसवतो तुम्हाला." नंबरही दिला. ते कॉलेजात असताना दर महिन्याला जायचे म्हणे.

मी त्याच रात्री 'राजगड नेढं' असा नवा ग्रुप काढला आणि सरांना घेतलं. आम्हा चौघांना इतकी लाज वाटत होती की या वेळी खरंच तारीख ठरली. गेल्या रविवारी पहाटे पाचला धनकवडीच्या कोपऱ्यावर चौघंही हजर. एक्स्टेन्शन बोर्ड घरी ठेवलेला.

सव्वापाचला ग्रुपवर सरांचा मेसेज पडला. 'अचानक पाहुणे आलेत. तुम्ही व्हा पुढे. मी ५० टक्के.'