वसतिगृहाच्या अधीक्षकाची सही ही मुलीची संमती नव्हे

बडोद्यातील मराठी मंडळींमध्ये सध्या एक मजकूर फिरतो आहे. आदिवासींवरील आरोग्य-संशोधन त्यांच्याच भल्याचे असल्याने मुखियाचा होकार पुरे, घेतलेल्या रक्ताचा हिशेब कोणी मागू नये, आणि संमतीच्या सोपस्कारांमुळे संशोधनच थांबते, असे त्यात म्हटले आहे.

पहिल्या मुद्द्याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात मिळते. 2009 मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून बचाव करणाऱ्या एचपीव्ही लसीचा मुलींवरील अभ्यास तेव्हाच्या आंध्रातील खम्मम आणि आपला बडोदे जिल्हा येथे सुरू झाला. आपल्याकडे त्यात कवांटचा आदिवासी तालुकाही होता, जो आज छोटा उदेपूर जिल्ह्यात आहे. चौकशीत आंध्रातील 9,543 संमतीपत्रांपैकी 2,763 पत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या आढळल्या, तर बडोद्याकडील हजारो पत्रांवर नुसते अंगठे होते. या अभ्यासातील काही मुलींचे नंतर मृत्यू झाले; त्यांचा लसीशी संबंध चौकशीत सिद्ध झाला नाही, हे मी आवर्जून नोंदवतो; परंतु त्याने त्या सह्या ग्राह्य ठरत नाहीत, आणि संसदीय समितीने 2013 च्या अहवालात नेमके याच व्यवहारावर कठोर ताशेरे ओढले. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पंचायतीची किंवा मुखियाची परवानगी गावात पाऊल ठेवण्यापुरती असते. संमती प्रत्येकाची स्वतंत्रपणे, त्याला समजणाऱ्या भाषेत घ्यावी लागते. घरात राठवी ही आदिवासी बोली बोलणाऱ्या आईपुढे गुजराती कागद ठेवून घेतलेल्या अंगठ्याला समजून दिलेला होकार म्हणता येत नाही.

रक्ताचा हिशेब मागू नये, हे तर हवासुपाईंच्या अनुभवानंतर कोणी म्हणूच नये. अमेरिकेतील ग्रँड कॅन्यनमध्ये राहणाऱ्या या जमातीने 1990 पासून मधुमेहाच्या अभ्यासासाठी रक्त दिले, आणि ते स्किझोफ्रेनिया व पूर्वजांचे स्थलांतर यांच्या अभ्यासासाठीही वापरले गेले. 2010 मध्ये हा अभ्यास करणाऱ्या ॲरिझोना स्टेट विद्यापीठाने 7 लाख डॉलर देऊन तडजोड केली आणि उरलेले नमुने परत केले.

संशोधन थांबावे असे मलाही वाटत नाही. भारतातील आदिवासींमधील सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा जनुकीय प्रकार आफ्रिकेतील प्रकारांहून बराचसा वेगळा आहे, त्यामुळे तिथले निष्कर्ष इथे जसेच्या तसे लागू करता येत नाहीत आणि इथल्या लोकांना वगळणे हाही त्यांच्यावर अन्यायच ठरेल. मात्र तपासणीत एखादी मुलगी वाहक निघाली, म्हणजे स्वतः आजारी नसूनही तो दोष पुढच्या पिढीला देऊ शकणारी निघाली, तर ती नोंद तिच्या लग्नाच्या बोलणीपर्यंत पोहोचू शकते. म्हणून तो निकाल कोणाकोणाला कळणार, हे सुई टोचण्याआधी तिला सांगितले गेले पाहिजे.