सहाशे मीटर अन् शेवटचा नंबर

काल संध्याकाळी पारावर बसलो होतो, पहेलवान तणतणत आला. "माह्या पोट्ट्याले शाळेच्या फिटनेस टेस्टमंधी सहाशे मीटर पळन्यात शेवटचा नंबर, अन् तो साऱ्या वर्गासमोर वाचला, पोरगं जेवलं नाही रात्री."

भरतीवाला म्हने, "मंग काय झालं? पोलीस भरतीत सोळाशे मीटर ५ मिनिट १० सेकंदात मारा लागते तवा २० पैकी २० भेटते, तिथं कोनी लाड करते काय?"

म्या म्हटलं, अबे भरती १८ वर्षांच्या पुढच्यांची, तिथं निवड करा लागते. शाळेतली टेस्ट निवडीसाठी नाहीच, पोराचं शरीर कुठं कमी पडून राह्यलं ते समजाले हाय. आमच्यातले मास्तर दुसऱ्या गावच्या शाळेवर हायेत, त्यायनं सांगतलं का खेलो इंडिया या केंद्र सरकारच्या योजनेच्या टेस्टमंधी तिसरीपर्यंतच्या लेकरायले पळवतच नाही, उंची-वजन, एका पायावर तोल अन् दोन चकत्यायले भराभर हात लावनं, बस. चौथीपासून मंग ५० मीटर, ६०० मीटर, बसून पुढं वाकनं, पाठीवर झोपून अर्धं उठनं, पुशअप.

कंपाउंडर मधातच, "बीएमआय, म्हंजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, तो पाहा ना, पंचवीसच्या आत म्हंजे फिट." हे चूक हाय राजेहो, अन् लय जन हेच धरून बसतात. पंचवीसचा आकडा मोठ्या मानसाचा, लेकराचा बीएमआय वय अन् मुलगा-मुलगी पाहून तक्त्यावर लावा लागते. अन् वजन बरोबर असलं म्हनून दम असतेच असं नाही.

आता आठवीतलेच दोन पोट्टे पाहा, एकाले मिसरूड फुटलं, दुसऱ्याचा आवाजही फुटला नाही, वय दोघाचंबी तेरा, त्यायले एका रांगेत पळवून नंबर काढनं मले पटत नाही, कारन पहिला आला तो मेहनतीनं का वयात लवकर आला म्हनून, हे कसं समजन? त्याच्यात एप्रिलच्या अकरा वाजताचं ऊन, उपाशी पोट, पायात चप्पल.

भरतीवाला थोडा नरमला पन म्हने, "मंग मोजाचंच नाही काय?"

मोजा ना! तेच ग्राउंड, सकाळची तीच वेळ, सहा महिन्यानं परत, अन् पोराचा जुना आकडा त्याच्याच नव्या आकड्याशी लावा. मास्तरनं विचारलं, "पहेलवान, किती सेकंद लागले पोराले?"

पहेलवान गप्प. कागदावर नुसता नंबर होता, सेकंद लिहिलेच नव्हते.

"ग्राउंड तरी मोजलं होतं का सहाशे?"

तेबी कोनाले माहीत नाही. पहेलवान उठला, म्हने शेत मोजाचा टेप हाय माह्याकडं, उद्या सकाळी सहा वाजता येतो शाळेत, कोन कोन येता बोला.