निष्ठा नव्हे, अडकणं

आमच्या तालमीच्या ग्रुपवर परवा एक मेसेज फिरत होता: ‘आयफोन घेतलेला माणूस परत अँड्रॉइडकडे वळत नाही, ही खरी निष्ठा. अँड्रॉइडवाल्यांना निष्ठाच नसते, दर दोन वर्षांनी कंपनी बदलतात. शेवटी चांगली सिस्टिमच टिकते, बाकीच्या आपोआप मरतात.’ खाली अंगठ्यांची रांग. मला यातलं एकही वाक्य पटलेलं नाही.

आधी निष्ठेचं बघू. हुपरीचा माझा एक मित्र चांदीच्या पैंजणांचं काम करतो. ऑर्डरी, वजनं, डिझाइनचे फोटो, व्यापाऱ्यांचे व्हॉइस मेसेज, सगळं व्हॉट्सॲपवर. २०२१ मध्ये त्याला आयफोन घ्यायचा होता, पैसेही बाजूला काढले होते. तरी घेतला नाही. अँड्रॉइडवरचे चॅट आयफोनवर न्यायची अधिकृत सोय तेव्हा नव्हतीच. ती आली जून २०२२ मध्ये. मग राजारामपुरीतल्या दुकानात मी त्याच्यासोबत बसलो. नवा फोन कोरा असावा लागतो, दोन्ही फोन चार्जरला आणि एकाच वायफायवर, ॲप समोर उघडंच ठेवायचं. गडी चहालासुद्धा उठला नाही. “फोन न्हवं, वही हाय माझी ती,” म्हणाला. मधली वर्षं तो अँड्रॉइडशी निष्ठावान होता काय? जायला वाट नव्हती, म्हणून थांबला होता. आज तोच आयफोन सोडत नाही, कारण ॲपलच्या ॲप स्टोअरवर पैसे देऊन घेतलेली ॲप अँड्रॉइडवर चालत नाहीत, तिथं ती पुन्हा विकत घ्यावी लागतात. मेसेजवाला यालाच निष्ठा म्हणतो.

अँड्रॉइडवाले कंपनी बदलतात, हे खरं. पण सॅमसंगवरून विवोवर गेलेला माणूस सिस्टिम कुठं बदलतो? गुगलचं खातं तेच, प्ले स्टोअर तेच. कंपनी आणि सिस्टिम यांची गल्लत केली की असले निष्कर्ष निघतात.

आता ‘चांगली तीच टिकते’. विंडोज फोन, म्हणजे मायक्रोसॉफ्टची मोबाइल सिस्टिम, २०१० मध्ये आला. नोकियाच्या लुमियावर तो स्वस्त हँडसेटमध्येही सुरळीत चालायचा. पण वापरणारे कमी म्हणून ॲप बनवणारे येईनात, ॲप नाहीत म्हणून वापरणारे येईनात. यूट्यूबचं धड ॲपसुद्धा त्याला मिळालं नाही. २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने स्वतः बनवलेलं ॲप गुगलने अडवलं. याला ‘आपोआप मरणं’ म्हणत नाहीत.

आणि स्पर्धा आपोआप चालते, असं मानणाऱ्यांनी ऑक्टोबर २०२२ आठवावा. अँड्रॉइडमधल्या वर्चस्वाचा गैरवापर केला म्हणून भारतीय स्पर्धा आयोगाने गुगलला १,३३७.७६ कोटींचा दंड केला. फोन बनवणाऱ्यांना प्ले स्टोअर हवं तर गुगलची बाकीची ॲपही घ्यावी लागत, हा त्यातला मोठा आक्षेप होता.

सिमकार्डाचं उदाहरण तर आपल्या सगळ्यांच्या खिशातलं आहे. जानेवारी २०११ पर्यंत आपण एकाच कंपनीला चिकटून होतो, कारण कंपनी सोडली की नंबर जायचा. तोच नंबर ठेवून कंपनी बदलायची सोय देशभर झाली आणि लोक भराभर पोर्ट करायला लागले. हुपरीच्या कारागिराला त्याची वहीही तशीच, एका अर्जावर, हव्या त्या फोनवर नेता आली पाहिजे. त्यानंतर तो जिथं थांबेल, तिथली निष्ठा मी मान्य करीन.