रोलरले खरूज झालती काय?

ओलं सिमेंट आणि नवं रबर दिसलं की माणसाचं बोट त्याच्या ताब्यात राहत नाही. सिमेंटवाला निदान थापी फिरवून मोकळा होतो. मी काय फिरवू? नागपूरहून नवं रबर चढवून आणलेल्या माझ्या रोलरवर परवा भर बसमध्ये एका सद्गृहस्थांनी नख रुतवलं आणि वर "मऊ हाय जी!" असं प्रशस्तिपत्रही दिलं. छापखान्याशी ज्यांचा संबंध पत्रिकेत स्वतःचं नाव शोधण्यापुरता येतो, त्यांना यात एवढं चिडण्यासारखं काय हे कळायचं नाही. म्हणून आधी तेवढं सांगून टाकतो.

आर्वीकडे आमचा छोटा छापखाना आहे. मोठी कामं ऑफसेटवर होतात, पण बिलबुकांवर नंबर टाकायचे, पावत्या फाडायला टिंबांची रेघ मारायची, तयार कार्डांवर नवरा-नवरीची नावं छापायची, तर वडिलांच्या वेळचं ट्रेडल, म्हणजे शिशाचे खिळे जुळवून छापायचं जुनं मशीनच लागतं. त्याला तीन रोलर. वरच्या गोल तबकडीवरची शाई उचलायची आणि खिळ्यांवर, म्हणजे शिशाच्या अक्षरांवर फिरवायची, एवढंच त्यांचं काम. रोलर नवा असतो तेव्हा मऊ असतो. मीटर लावला तर शोअरच्या, म्हणजे रबराचा टणकपणा मोजायच्या मापाने २५ ते ३५ च्या आसपास. वय झालं की टणक होतो, वर चकाकी चढते, शाई धरेनासा होतो. आमच्या रोलरांना तर मे महिन्यात तळ्याच्या गाळाला पडाव्यात तशा भेगा पडल्या होत्या. शाई कमी टाकली की अनुस्वार गायब, जास्त टाकली की अक्षरांची पोटं भरलेली. एका पत्रिकेवर मंगल कार्यालयाचं 'मगल कार्यालय' झालं, तेव्हा वरपक्षाने मला आहेर सोडून बाकी सगळं दिलं.

मागच्या खेपेला एका ठिकाणी नायट्राइल म्हणून साधंच रबर चढवून दिलं होतं. नायट्राइलला तेल-रॉकेलचं फारसं काही होत नाही, साधं रबर मात्र रॉकेल पिऊन फुगतं. फुगलेला रोलर टोकांच्या चाकांपेक्षा जाड होतो आणि खिळ्यांवर गरगर फिरायचं सोडून फरफटत जातो. जाब विचारला तर उलट मलाच प्रश्न, "तुम्ही धुता कशानं?" शाई कशाने धुवायची असते, गुलाबपाण्याने?

त्यामुळे या वेळी दुसरं दुकान गाठलं आणि काम होईस्तोवर तिथेच ठाण मांडलं. जुनं रबर लेथवर सोलून काढलं, सळई घासून पांढरी केली, तिला चिकटवणीचं द्रावण लावलं, त्यावर कच्च्या रबराचे थर गुंडाळले, वरून ओल्या कापडी पट्टीने करकचून आवळलं आणि वाफेच्या भट्टीत घातलं. पुढे निवल्यावर ग्राइंडरवर धरून बरोबर मापात आणलं. पावडर लावून, कागदात गुंडाळून तिन्ही रोलर माझ्या हाती दिले. नवा रोलर रबरावर आडवा टेकवायचा नाही, एका बाजूने चपटा होतो. उन्हात ठेवायचा नाही. म्हणून बसमध्ये मी तिन्ही रोलर मांडीवर उभे धरून बसलो. बाहेर पंचेचाळीस डिग्री, आत त्याहून जास्त.

कोंढाळीला ते चढले. पांढरी टोपी, गळ्यात तुळशीची माळ, हातात संत्र्यांची पिशवी. तिकिटाचा प्रश्नच नव्हता. २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास फुकट आहे. प्रवास फुकट असला की माणसाला घाई नसते, आणि घाई नसली की शेजाऱ्याची चौकशी करायला वेळच वेळ असतो.

"बोअरचा पाइप हाय का जी?"

"नाही काकाजी, छापखान्याचे रोलर आहेत. नवं रबर चढवून आणलं."

"किती घेतले?"

मी आकडा सांगितला. सांगायला नको होता, पण विदर्भात कोणी "किती घेतले" विचारलं आणि आपण टाळलं, तर माल चोरीचा आहे असं ठरतं.

"बाप्पा बाप्पा बाप्पा!" त्यांनी मागच्या सीटवरच्या बाईंना साक्षीला घेतलं. "पाहा माय, एवढ्या पैशात सायकलच्या साठ ट्यूबा येतात! तुमाले लुटलं ना भाऊ त्यानं. एक ट्यूब कापायची, सळईवर चढवायची, दोन्हीकून सुतळी. झालं. माह्या साडभावानं मोटारपंपाले तसंच केलं."

"मग चालला का पंप?"

"पंप कायचा चालते? लाइनच नसते." आणि यानंतर त्यांनी कृषिपंपाला रात्रीची वीज देणाऱ्यांच्या मागच्या पिढ्यांचा उद्धार केला, तो तळेगाव फाट्यापर्यंत पुरेल असं वाटलं. मी मनातून सुखावलो. पण गाडी कारंजाच्या स्टँडवर थांबली आणि त्यांना रोलर पुन्हा आठवले.

"हे रबर सळईले पकडून कसं राह्यते?"

आता एवढ्या आस्थेने विचारलं तर सांगणं आलं. कच्च्या रबरात गंधक घालून ते तापवतात, मग ते उन्हात चिकट होत नाही की थंडीत तडकत नाही, ही युक्ती अमेरिकेतल्या गुडइयरने शोधली आणि १८४४ साली तिचं पेटंट घेतलं, वगैरे. काकाजींनी सगळं शांतपणे ऐकलं.

"गंधक? ते खरजेले लावतेत ते?"

"हो, तेच."

"मंग तुमच्या रोलरले खरूज झालती काय?"

अख्खी बस हसली. कंडक्टर हसला. ज्या बाईंना मघाशी साक्षीला घेतलं होतं त्या तर पदर तोंडाला लावून गदगदत होत्या. मीही हसलो, कारण तीन रोलर धरून बसलेल्या माणसाला दुसरं काही करता येत नाही.

इथे थांबायला हवं होतं. पण छापखानेवाल्याला कोणी काही विचारत नाही. नाव चुकलं की भांडायला येतात, बरोबर छापलं तर कोणाच्या लक्षातही येत नाही. त्यामुळे काकाजींनी "रबर नव्हतं तवा कायचे होते?" असं विचारलं आणि माझं तोंड सुटलं. म्हटलं, आमच्या वडिलांच्या वेळी सरस आणि काकवी एकत्र शिजवून साच्यात ओतायचे. उन्हाळ्यात तो रोलर पाघळायचा, पावसाळ्यात दमट व्हायचा, म्हणून ऋतूप्रमाणे सरसाचं माप बदलावं लागे. शिवाय उंदीर येऊन कुरतडत, ते वेगळंच.

"काकवी चांगली असते. सरस कायचा?"

"जनावराच्या कातड्याचा, हाडांचा."

काकाजींनी संत्र्यांची पिशवी उचलून दुसऱ्या मांडीवर घेतली. बराच वेळ बाहेर बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "आमच्या दिंडीचं पत्रक तुमच्या बाबांनंच छापलं होतं ना?"

मी घाईघाईने गणपत कृष्णाजींना मदतीला बोलावलं. मुंबईच्या या गृहस्थांनी १८४१ साली पंचांग छापलं. सोवळ्यातल्या लोकांना चरबीची शाई चालेना, म्हणून त्यांनी तुपाची शाई केली असं सांगतात. म्हटलं, काकाजी, आपल्या लोकांनी धर्म सांभाळूनच छपाई केली.

"तूप गाईचं का म्हशीचं?"

आता हे मला कुठून ठाऊक असणार! गणपत कृष्णाजींवर मात्र माझा राग निराळ्याच कारणाने आहे. पंचांग छापून त्यांनी मुहूर्त घरोघर पोचवले आणि आज तालुक्यातली सगळी लग्नं एकाच तारखेला येतात. तीन आठवडे मशीन झाकून ठेवायचं आणि मग एका रात्रीत सगळ्यांना सगळं हवं. त्याच रात्री लाइन जाते.

"म्हशीचं," मी ठोकून दिलं.

"मंग ठीक हाय," काकाजी म्हणाले. का ठीक, ते त्यांनाच माहीत. पण त्यांचा रोलरवरचा राग गेला. इतका गेला की त्यांनी कागदाची कड उचलली, "पाहू द्या त," म्हटलं आणि मी "अहो, अहो" म्हणेपर्यंत अंगठ्याचं नख रबरात रुतवलं. शेतकऱ्याचं नख. त्या नखाने त्यांनी आयुष्यभर संत्री सोलली असतील, कापूस वेचला असेल. बरोबर मधोमध, बोटभर जागेत एक बारीक चंद्रकोर उमटली.

"मऊ हाय जी! पैसे वसूल झाले तुमचे."

त्या रोलरचा तो भाग तबकडीवरून शाई घेतो ती कमी, देतो ती कमी. घरी येऊन लावून पाहिलं. कागदावर तेवढ्याच जागी फिकट डाग. रोलर उलटा घातला, तरी डाग मधेच, कारण काकाजींनी नेम धरून मध्य गाठला होता. परत ग्राइंडिंगला द्यावा तर चाकांच्या मापापेक्षा बारीक होतो आणि शाईच लागत नाही. म्हणजे पुन्हा नागपूर, पुन्हा नवं रबर, ऐन सीझनमध्ये. हे पैसे मी कोणाकडून मागू? काकाजींचं तिकीटसुद्धा सरकार भरतं.

उतरताना त्यांनी माझा नंबर घेतला होता. नातवाचं लग्न आहे म्हणाले. मी थोडा विरघळलो होतो; म्हटलं, पाचशे पत्रिका तरी निघतील. काल त्यांचा व्हॉट्सअॅप आला. मोबाइलवर केलेली पत्रिका, वर नाचणारा गणपती, सनई, पाकळ्या पडताहेत, आणि कार्यालयाचा नकाशासुद्धा. मागोमाग फोन.

"आली का पत्रिका? असीच कागदावर पायजे. पंचवीस. देवाजवळ ठेवाले अन् मामाकडच्याइले द्याले. बाकी सारे मोबाइलवरच बलावले."

"काकाजी, पंचवीस पत्रिकांना मशीन लावणं परवडत नाही."

"काहून? रोलर त नवे हायत ना तुमचे! म्या सोता हात लावून पाह्यले. अन् हे पाहा, नातवाचं नाव मधात येते, तिथं शाई झाक लागली पायजे."