मोनोत स्टिरिओ दडलेला नसतो

गेल्या काही महिन्यांपासून नागपुरातल्या जुन्या ध्वनिमुद्रणांच्या शौकिनांमध्ये एक मजकूर फिरतो आहे. मला तो पाच जणांनी पाठवला, आणि पाचही जणांनी वर ‘हे खरे आहे का?’ असे विचारण्याऐवजी ‘आता कामाला लागा’ असे लिहिले होते. मजकुराचा आशय असा: साठ-सत्तरच्या दशकांतल्या रॉक बँडांची रेडिओवरची ध्वनिमुद्रणे मोनो, म्हणजे सगळा आवाज एकाच वाहिनीत असलेली असली, तरी डावी-उजवी बाजू त्यांत दडलेलीच असते, कृत्रिम बुद्धिमत्तेची नवी साधने ती उलगडून दाखवतात, त्यामुळे वादक जिथे उभे होते तिथूनच पुन्हा ऐकू येतात, शिवाय खरखर जाऊन आवाज सीडीच्या तोडीचा होतो, मोनो ही त्या काळाची निव्वळ गरिबी होती, आणि एकदा रूपांतर झाले, की जुनी फीत सांभाळत बसण्याचे कारण उरत नाही. पुरावा म्हणून शेवटी बीटल्स या ब्रिटिश रॉक बँडचे नाव दिले आहे.

मी काही वर्षांपासून लोकांच्या घरची स्पूल आणि कॅसेट संगणकावर उतरवून देतो. मोनोवरून स्टिरिओ करण्याला माझा विरोध नाही. मी स्वतः ते करतो, आणि हेडफोनवर ऐकायला ते मला आवडतेही. आक्षेप आहे तो ‘उलगडणे’ या शब्दाला, कारण बाकीची बहुतेक चुकीची विधाने या एका शब्दातून निघाली आहेत.

‘डावी-उजवी बाजू मोनोत दडलेली असते’ हे पहिले विधान. ती दडलेली नसते, ती तिथे नसतेच. स्टिरिओ म्हणजे डाव्या आणि उजव्या कानासाठीच्या दोन आवाज-वाहिन्यांमधला फरक: एखादा आवाज कोणत्या बाजूला अधिक जोरकस आहे आणि कोणत्या बाजूला आधी पोहोचतो, यावरून कान त्याची दिशा ठरवतात. ब्रिटिश अभियंते ॲलन ब्लमलाइन यांनी १९३१ साली पेटंटसाठी केलेला अर्ज याच फरकाभोवती रचलेला आहे. मोनो ध्वनिमुद्रणात सगळ्या मायक्रोफोनांचे आवाज मिक्सरमध्येच एकत्र होतात आणि फितीवर त्यांची फक्त बेरीज उतरते. बेरीज बारा आहे हे कळले, तरी ती सात आणि पाचची की आठ आणि चारची, हे बारा या आकड्याला विचारून कळत नाही. बीटल्सचे बीबीसीसाठीचे पहिले ध्वनिमुद्रण ७ मार्च १९६२ रोजी मँचेस्टरच्या प्लेहाउस थिएटरमध्ये झाले आणि दुसऱ्या दिवशी प्रसारित झाले. त्या काळच्या अशा सत्रांत प्रत्येक वाद्याची स्वतंत्र पट्टी ठेवणारी फीत नव्हती. मिश्रण थेट मोनो फितीवर उतरे, आणि गाण्यावर दुसरा आवाज चढवायचा असेल, तर पहिली फीत वाजवत, तिच्यासोबत गात, दुसऱ्या यंत्रावर सगळे पुन्हा मुद्रित करावे लागे. बीबीसीचे नियमित स्टिरिओ प्रसारण १९६६ साली सुरू झाले. ३० सप्टेंबर १९६७ रोजी सुरू झालेले रेडिओ वन हे पॉप आणि रॉकचे केंद्रसुद्धा लोकांनी मुख्यतः मध्यम लहरींवर, २४७ मीटरवर ऐकले. म्हणजे जे गमावले गेले ते प्रसारणात गमावले गेले असेही नाही. पुष्कळ सत्रांच्या बाबतीत ते मुळात नोंदलेच गेले नव्हते.

याच मुद्द्यावर धरमपेठेतल्या एका काकांशी माझा बराच वाद झाला. त्यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला लघुलहरींवरून बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसचे संगीताचे कार्यक्रम घरच्या टेपरेकॉर्डरवर उतरवले होते. त्यांतले एक स्पूल त्यांनी अलीकडे कुणाच्या तरी स्टिरिओ डेकवर वाजवून घेतले, आणि मला हेडफोन देत ते म्हणाले, ‘‘ऐकून तर पाहा, उजव्या कानात वेगळंच काही वाजून राहिलं. हे स्टिरिओ नाही तर काय आहे मग?’’ उजव्या कानात खरोखरच वेगळे काही वाजत होते. ते परभाषेतल्या पुटपुटण्यासारखे होते आणि त्यातला प्रत्येक सूर आधी फुगून मग एकदम तुटत होता. काकांचे जुने यंत्र अर्ध्या पट्टीचे मोनो होते: पाव इंच रुंदीच्या फितीच्या वरच्या अर्ध्या भागावर एक बाजू आणि स्पूल उलटवल्यावर खालच्या अर्ध्या भागावर दुसरी. नंतरच्या स्टिरिओ डेकचे हेड मात्र फितीचे चार पट्टे धरून पहिला आणि तिसरा वाचते. पहिला पट्टा काकांच्या पहिल्या बाजूत येतो, तिसरा दुसऱ्या बाजूत, आणि दुसरी बाजू अर्थातच उलट दिशेने धावते. मी उजवी वाहिनी संगणकावर उलटी फिरवली, तेव्हा तिच्यातून एका निवेदिकेचा स्वच्छ हिंदी आवाज आला आणि पाठोपाठ चित्रपटगीत सुरू झाले. काका बराच वेळ हसत होते. ‘दडलेला स्टिरिओ’ सापडल्याच्या ज्या गोष्टी कानावर येतात, त्यांतल्या काही तरी याच जातीच्या असणार, असा माझा संशय आहे.

‘वादक जिथे उभे होते तिथूनच ऐकू येतात’ हे दुसरे विधान पहिल्यावरच उभे आहे, पण साधने नेमके काय करतात हे इथे पाहायला हवे. ही साधने हजारो गाण्यांच्या सुट्या पट्ट्यांवर शिकवलेली असतात. त्यांतली बरीचशी आवाजाचे काळ आणि कंप्रता यांच्या चौकटींत बारीक तुकडे करतात आणि प्रत्येक तुकड्यातला किती हिस्सा गायनाचा, किती ड्रमचा, किती बेसचा याचा अंदाज बांधतात. डीझर या संगीत-कंपनीचे स्प्लीटर आणि फेसबुकचे डेमक्स ही दोन्ही साधने २०१९ मध्ये खुली झाली, आणि दोन्हींत चार भागांची विभागणी मिळते: गायन, ड्रम, बेस आणि ‘इतर’. रॉक बँडच्या दोन्ही गिटारी या ‘इतर’मध्ये एकत्र पडतात. गिटारचा भाग वेगळा काढणाऱ्या पुढच्या आवृत्त्याही दोन गिटारींना एकमेकींपासून सोडवत नाहीत. ज्या बँडची सगळी गंमत दोन गिटारींच्या सवाल-जवाबात आहे, तिथे या साधनांनी केलेल्या स्टिरिओत ड्रम आणि गायक सुटे झालेले असतात आणि सवाल-जवाब मात्र एकाच ठिकाणाहून येतो.

वेगळे काढलेले भाग कुठे ठेवायचे, हे तर यंत्र सांगतच नाही. बेस मध्यभागी, गिटार डावीकडे हे समोर बसलेला माणूस ठरवतो, किंवा कुणीतरी आधी ठरवून ठेवलेला साचा ठरवतो. स्टुडिओत वादक बहुधा एकमेकांचा आवाज दुसऱ्याच्या मायक्रोफोनमध्ये शिरू नये अशा बेताने, मध्ये पडदे लावून बसवले जात. मंचावरची रांग तिथे नसेच.

आता बीटल्सचा पुरावा. त्यांच्या १९६६ सालच्या ‘रिव्हॉल्व्हर’ या अल्बमची नवी स्टिरिओ आवृत्ती २०२२ मध्ये निघाली आणि तिच्यासाठी आवाज वेगळे काढण्याचे तंत्र वापरले गेले, हे खरे आहे. पण तिचा आधार मूळ चारपदरी फिती, म्हणजे चार स्वतंत्र पट्ट्यांच्या फिती हा होता. काही ठिकाणी एका पदरावर गिटार, बेस आणि ड्रम एकत्र होते, ते सोडवावे लागले. बाकीचे पदर आधीच सुटे होते. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या ‘नाऊ अँड देन’ या गाण्यासाठी बीटल्सचे जॉन लेनन यांच्या घरगुती कॅसेटवरून त्यांचा आवाज पियानोपासून वेगळा काढला गेला आणि त्याच्याभोवती नवे वादन रचले गेले. त्या कॅसेटमधून कुणी कसलाही जुना स्टिरिओ बाहेर काढला नाही, आणि तसा दावाही केला नाही. बीबीसीच्या सत्रांना अधिक जवळचे उदाहरण रोलिंग स्टोन्स या बँडचे आहे: १९६३ ते १९६५ मधली त्यांची रेडिओ ध्वनिमुद्रणे २०१७ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा ॲबी रोड स्टुडिओत त्यांतले आवाज सुटे करून त्यांचा तोल नव्याने साधला गेला. हे काम कौतुकाचे आहे. ते करणाऱ्यांनी त्याला पुनर्मिश्रण म्हटले, आणि इथे नेमका तोच शब्द योग्य आहे.

‘खरखर जाते, आवाज सीडीच्या तोडीचा होतो.’ अर्धे खरे. फितीची सततची सळसळ पुष्कळ कमी करता येते. पण मध्यम आणि लघुलहरींच्या रेडिओवर साधारण साडेचार-पाच किलोहर्ट्‌झच्या वरचा आवाज आपल्यापर्यंत येतच नाही, आणि झांजेची चमक तर मुख्यतः त्याच्या वरची. ती ‘परत आली’ असे वाटते तेव्हा ती आज बनवलेली असते. लघुलहरींची आणखी एक खोड आहे. संकेत वातावरणाच्या वरच्या थरांवरून एकाहून अधिक वाटांनी परततो, त्यामुळे वेगवेगळ्या कंप्रता वेगवेगळ्या क्षणी एकमेकींना खातात आणि संपूर्ण गाण्यावरून वाऱ्याचा झोत फिरल्यासारखे ऐकू येते. स्वच्छ स्टुडिओ ध्वनिमुद्रणांवर शिकलेल्या साधनाला हा झोत ठाऊक नसतो. काकांच्या फितीवर त्याने तो ड्रममध्ये टाकला, आणि ड्रम उजवीकडे ठेवताच सगळे हवामान उजवीकडे सरकले! त्याच स्पूलवर एक मे महिन्यातले ध्वनिमुद्रण आहे, रेडिओसमोर मायक्रोफोन धरून केलेले. त्यातली कूलरची घरघर बेस ठरली आणि स्वयंपाकघरातली कुकरची शिट्टी गायनात गेली.

खरा फायदा कुठे आहे, तेही सांगतो. टेपचे हेड त्या फितीपुरते कोनात नीट बसवले, की कोणतेही साधन न लावता उंच स्वर उघडतात. अर्ध्या पट्टीची मोनो फीत तिच्याच मापाच्या हेडवर वाजवणे हे त्याच्याही आधीचे काम. या दोन गोष्टींना तासभर लागतो आणि त्या फोनवरून होत नाहीत, म्हणून कदाचित मजकुरात आल्या नसाव्यात.

‘मोनो ही गरिबी होती’ या विधानावर फार वेळ घालवत नाही. बीच बॉइज या अमेरिकी बँडचे ब्रायन विल्सन यांना उजव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नसे. १९६६ चा ‘पेट साउंड्स’ हा अल्बम त्यांनी मोनोतच मिसळले, आणि ते कमतरतेचे काम आहे असे ऐकणारा कुणी म्हणणार नाही. त्याची स्टिरिओ आवृत्ती नव्वदच्या दशकात निघाली, तीही सुट्या पदरांच्या मूळ फिती हाताशी होत्या म्हणून. उलट मोनोला जबरदस्तीने स्टिरिओ करण्याचा जुना अनुभव फारसा चांगला नाही. कॅपिटॉल कंपनीने साठच्या दशकात ‘ड्युओफोनिक’ नावाने मोनो गाण्यांतले खालचे स्वर एका बाजूला आणि वरचे दुसऱ्या बाजूला ढकलून, वर दोन्हींत किंचित वेळेचे अंतर ठेवून तबकड्या विकल्या. अशा अंतराची अडचण दोन्ही वाहिन्या एकत्र झाल्या की कळते: १० मिलिसेकंदांचे अंतर असेल, तर ५०, १५०, २५० हर्ट्‌झ अशा टप्प्यांवर आवाजात खड्डे पडतात. आज बहुतेक घरांत एकच ब्लूटूथ स्पीकर असतो, म्हणजे हे एकत्र होणे रोजचेच आहे. कुणी रूपांतर करून दिले, तर दोन्ही वाहिन्यांची बेरीज करून ती मूळ मोनोशी ताडून पाहावी. गायक अचानक पुढे आला किंवा बेस पोकळ झाला, तर काय बदलले ते तिथेच कळते.

राहिला फीत टाकून देण्याचा सल्ला. लेड झेपेलिन या बँडच्या बीबीसी ध्वनिमुद्रणांचा पूर्ण संच २०१६ मध्ये निघाला, त्यात ‘सनशाइन वुमन’ हे १९६९ चे गाणे आहे. त्याची मूळ फीत हरवली आहे. अधिकृत संचात वापरले गेले ते एका श्रोत्याने घरी रेडिओवरून उतरवलेले ध्वनिमुद्रण. त्या श्रोत्याने रूपांतर झाले म्हणून फीत फेकली असती, तर आज आपल्याकडे ते गाणे नसते. शिवाय दर दोन-तीन वर्षांनी साधने सुधारत आहेत, आणि त्या प्रत्येक वेळी सुरुवात मूळ फितीपासूनच करावी लागेल, आजच्या अंदाजावर उद्याचा अंदाज चढवून चालणार नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात फीत लोखंडी कपाटात ठेवू नये, उभी ठेवावी, घरातल्या सर्वांत थंड खोलीत ठेवावी.

काकांना मी दोन फायली दिल्या. एकीचे नाव ‘मूळ मोनो, हात न लावलेली’. दुसरीचे ‘स्टिरिओ मांडणी’, आणि तिच्यासोबत एक कागद आहे: कोणते साधन वापरले, कोणता भाग कुठे ठेवला, केव्हा. त्यातली एक ओळ अशी आहे: ‘गिटारी डावीकडे, काकांच्या सांगण्यावरून, त्यांचा रेडिओ खोलीत डाव्या बाजूला असे.’