आमच्याकडे आई बघते

मालिकेच्या कालच्या भागावर मत द्यायचं तर सुरुवात एकाच वाक्याने करावी : ‘मी बघत नाही, आमच्याकडे आई बघते.’ ते न म्हणता एकदम ‘काल अर्जुनने कोर्टात काय झापलं!’ असं बोलून बसलात, तर चारचौघांत पत गेली म्हणून समजा. आई गावी असेल तर सासूबाई चालतील. एकटेच राहत असाल तर शेजारच्यांचा टीव्ही मोठा असतो म्हणावं. एवढं झालं की पुढचा पाऊण तास ‘ठरलं तर मग’मधल्या सायली, वकील अर्जुन आणि खोटी तन्वी यांची खडान्‌खडा माहिती द्यायला तुम्ही मोकळे. फक्त पाणी प्यायला हॉलमधून जाणाऱ्या माणसाला २०२२ पासूनचं कथानक पाठ कसं, हे तुम्हाला कोणी विचारणार नाही. विचारणाऱ्याचीही आईच बघत असते.

भाग बघून मत देणं हे नवशिक्यांचं काम. जाणकार प्रोमोवर देतात. प्रोमोत नायिका जिन्यावरून घसरते, हातातलं ताट उडतं, कुंकू सांडतं आणि तीन बाजूंनी तिची सासू दचकते. इथेच लिहून टाका : ‘बाईला किती त्रास देणार? बंद करा ही मालिका.’ मग प्रत्यक्ष भागात ती नवऱ्याच्या हातांत अलगद पडते, किंवा ते सगळं स्वप्न निघतं. तेव्हा लिहा : ‘प्रेक्षकांना मूर्ख समजता का?’ म्हणजे ती पडली तरी तुम्ही चिडलेले आणि नाही पडली तरी चिडलेले. एका घसरण्यात दोन मतं. एवढा उतारा शेतीतही मिळत नाही.

तर्क कुठे लावायचा याचं मात्र तारतम्य हवं. नायिका रात्री झोपताना काठपदराची साडी, नथ आणि लिपस्टिकसह पांघरूण घेते, त्याबद्दल चकार शब्द काढू नका. पण ‘होणार सून मी ह्या घरची’मधल्या जान्हवीला दिवस गेले तेव्हा बोटांवर महिने मोजणारे तुम्हीच होतात ना? स्वतःच्या लग्नाचा वाढदिवस विसरणारी माणसं तेव्हा तिची तारीख काढून देत होती. पुढे ‘माझ्या नवऱ्याची बायको’त राधिकाची मसाल्याची कंपनी तीनशे कोटींची झाली, तेव्हा महाराष्ट्रातला प्रत्येक गृहस्थ सनदी लेखापाल झाला. नवऱ्याने तिच्या डोळ्यांदेखत दुसरं घर मांडलं, ते सगळ्यांना पटलं होतं. अडलं ते मसाल्याच्या उलाढालीशी.

‘ठरलं तर मग’च्या खटल्याचंही तेच. आमच्या ओळखीचे एक काका आहेत. ‘एक केस इतकी वर्षं चालते का कुठे?’ हा त्यांचा रोजचा सवाल. हातात लाल फीत बांधलेली फाइल असते, कारण ते नुकतेच तारखेवरून आलेले असतात. भावकीशी बांधाचा दावा आहे, त्यांच्या वडिलांनी लावलेला. मालिकेतल्या न्यायाधीशांनी पुढची तारीख दिली की काका चवताळतात आणि दिग्दर्शकाचा उद्धार करतात. खऱ्या कोर्टात तारीख पडली की मुकाट्याने समोरच्या टपरीवर जाऊन चहा घेतात.

‘बंद करा’ हे मात्र जपून म्हणा, कारण एकदा खरंच बंद झाल्या होत्या. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, चित्रीकरण थांबलं आणि जुलैपर्यंत नवे भाग नव्हते. इतकी वर्षं मागितलेलं पदरात पडलं. तुम्ही काय केलंत? जुने भाग लावलेत, आणि त्यांच्यावर नव्याने मत दिलंत. पुढच्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात चित्रीकरण पुन्हा थांबलं, मालिकांनी गोवा, सिल्वासा असा मुक्काम हलवला, तेव्हा तक्रार काय? ‘अख्खं घर एकदम रिसॉर्टवर कसं राहायला गेलं?’

मत भारदस्त हवं असेल तर ‘पूर्वीच्या मालिका’ हे शब्द सुस्कारा टाकून उच्चारावेत. ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’चं नाव घ्यावं. ती आठवड्यातून एकदा यायची आणि आताच्या मालिका आठवड्याला सहा-सहा भाग काढतात, हा हिशेब मधे आणू नये. आठवड्याला एकदा केलेली पुरणपोळी आणि रोजच्या डब्यातली पोळी यांची तुलना करून सुनेला बोलावं, तसं हे आहे. आणि ती परंपरा आपल्याकडे आहेच. ‘चार दिवस सासूचे’ हीसुद्धा पूर्वीचीच मालिका, हेही विसरावं. ते चार दिवस २००१ साली सुरू झाले आणि २०१३ साली संपले. मधे तीन हजारांवर भाग झाले.

विनोदी कार्यक्रमाबद्दल मत देताना चेहरा गंभीर ठेवावा. ‘हास्यजत्रा’च्या तुकड्यावर लोकलमध्ये एकट्याने खिदळावं, चार गटांना पुढे पाठवावं आणि संध्याकाळी म्हणावं, ‘हल्ली पाचकळपणा फार वाढलाय.’ पुरुषाने साडी नेसलेली दिसली की ‘हा काय विनोद झाला?’ हे विचारलंच पाहिजे. लगेच त्याच दमात बालगंधर्वांचा विषय निघाला, तर त्यांच्या शालूच्या नुसत्या आठवणीने डोळे पुसावेत.

आमच्या आत्यासारखं मात्र करू नका. ती साडेआठला गवारीच्या शेंगा घेऊन टीव्हीपुढे बसते आणि ‘मी बघते’ असं सरळ सांगते. खलनायिका दिसली की शेंगेचं देठ कचकन मोडून म्हणते, ‘मेले, तुझं कधी भलं व्हायचं नाही.’ तीच बाई दोन दिवस दिसली नाही तर, ‘अगं, हिला बरंबिरं नाही की काय?’ तिला कलावंतांची, संवादांची, कपड्यांची चिकित्सा नको, तर्क नको. असल्या माणसाच्या मताला काय किंमत?

किंमत कशाला असते तेही सांगून ठेवतो. टीआरपी मोजणारा मीटर देशभरातल्या पन्नास हजारांहून जास्त घरांत आहे. वाहिनीच्या आवाजात आपल्या कानाला न कळणारी एक खूण मिसळलेली असते, ती तो टिपतो. तुम्ही शिव्या देत बघताय की डोळे पुसत, हे त्याला कळायची सोय नाही. दर गुरुवारी आकडे येतात, त्यांत तुम्ही आणि आत्या एकाच रांगेत.

समजा, उद्या तुमच्याच घरी हा मीटर बसला. त्याच्या रिमोटवर घरातल्या प्रत्येकाचं वेगळं बटण असतं. जो बघायला बसेल त्याने आपलं दाबायचं. रात्री साडेआठला शीर्षकगीत वाजतं. वडील पेपर थोडा खाली घेऊन आईचं बटण दाबतात. मग मुलगी येते, तीही आईचंच दाबते. ते आधीच लागलंय म्हटल्यावर बंद होतं, म्हणून तुम्ही परत दाबता. आई कोपऱ्यातल्या खुर्चीत, चष्मा नाकावर, बातम्या संपल्यापासून घोरतेय.